लॅपटॉप कुणाच्या नावाने

धाकट्या जावेला लॅपटॉप मिळाला तर तिच्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब थोरलीनं बैठकीच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडताच करून टाकला होता. एक तर ती खाली ऑफिसात येऊन बसणार नाही. मग ती काय करते ते कुणाला दिसणार नाही. आणि तिसरं म्हणजे मूळ फाइली. या तिसऱ्या रकमेपाशी थोरलीचे हात असे चुकले की निवडलेल्या शेंगा कचऱ्यात गेल्या आणि साली पातेल्यात पडल्या.

मूळ फाइल म्हणजे काय, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शाळांची, हॉटेलांची, इस्पितळांची बोधचिन्हं गणवेशांवर भरून द्यायची, हा घरचा कारखाना. तळमजल्यावर भरतकामाचं मशीन, दोऱ्यांच्या मांडण्या आणि ऑफिस. वर एकेका मजल्यावर दोघा भावांची दोन बिऱ्हाडं. गिऱ्हाईक चित्र आणून देई. त्या चित्राचे टाके कसे पडायचे, कुठला आधी, कुठला आडवा, कुठं दाट, कुठं विरळ, हे धाकटी सून कॉम्प्युटरवर ठरवी. तिच्या हातून दोन फाइली निघत. एक मशीनसाठी, ती मशीनला कळे, पण तिच्यात पुढं फारसा फेरफार करता येत नसे. दुसरी मूळ, तिच्यात टाका न् टाका बदलता येई. इतक्या वर्षांच्या मूळ फाइली थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. मशीन मोडलं तर नवं आणता येतं. मूळ फाइली गेल्या तर खाली उरणार फक्त दोरे.

अण्णांच्या मनातही तेच होतं, पण त्यांचं कारण वेगळं. गणवेशांचा एक मोठा व्यापारी महिनाभर त्यांच्याशी गुळगुळीत बोलत होता. कारखाना विकता का, असं त्यानं विचारलं नव्हतं. 'तुमच्या मूळ फाइली सगळ्या जपून ठेवल्यात ना?' एवढंच विचारलं होतं. अण्णांनी घरात ही गोष्ट काढली नव्हती. ज्याच्या खिशात गुपित असतं त्याला दुसऱ्याचा खिसा आधी फुगलेला दिसतो.

म्हणून सुट्टीच्या दुपारी अण्णांच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. अक्कालाही बोलावणं गेलं. अक्का ही दोघा भावांमधली बहीण, वाचनालयात कॉम्प्युटरचं खातं सांभाळणारी, कारखान्यात तिसऱ्या हिश्शाची मालकीण. वाटणीचं बोलणं फिसकटलं तेव्हापासून तिला या घरात कुणी काही विचारलं नव्हतं. ती वेळेच्या बरीच आधी येऊन बसली आणि 'रिक्षा लगेच मिळाली' असं न विचारताच सांगती झाली.

"बोल," अण्णा धाकटीला म्हणाले, "कसला लॅपटॉप हवाय तुला?"

"साधाच. चित्र काढता येईल असा. पहिलाच आहे अण्णा, मला त्यातलं काय कळतंय?"

थोरलीनं मान वर केली. 'मला काय कळतंय' हे वाक्य ती स्वतः कधी वापरते, ते तिला नीट माहीत होतं.

"मग माझं ऐक," अण्णा म्हणाले. "विंडोजवाला घेऊ. सगळं जग तेच वापरतं, आपलं टाक्यांचं सॉफ्टवेअरही त्यावरच चालतं. लायसन माझ्या नावावर आहेच. लॅपटॉपचा ॲडमिन मी, तू वापरणारी. तू काम करशील ते आपोआप ऑफिसच्या खात्यात जमा होईल. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून किल्ल्यांच्या बोर्डाला टांगायचा. आपल्या घरात कुठली किल्ली कुणी कमरेला लावत नाही."

"चालेल," धाकटी म्हणाली.

अण्णांनी तीन हरकती गृहीत धरल्या होत्या आणि तिन्हींची उत्तरं तयार ठेवली होती. गिऱ्हाईक न आलेल्या मालासारखी ती त्यांच्या हातात राहिली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. थोरलीचे डोळे बारीक झाले होते. इतकी चटकन हो? ज्या बाईनं मागच्या खेपेला पडद्याच्या रंगावरून आठवडाभर वाद घातला, ती ॲडमिन म्हटल्यावर चालेल म्हणते?

"मी काय म्हणते," थोरली मधाळ आवाजात म्हणाली, "द्यायचं तर चांगलं द्यावं. मॅक घ्या तिला. माझ्या भाचीकडे आहे, त्याचा पडदा बघाल तर रंग कसे जिवंत! चित्रं काढणारी माणसं तोच घेतात म्हणे. रोज रोज का घेणार आहोत?"

चहाची पूड चमच्यानं मोजून देणारी थोरली हे बोलली, तेव्हा अक्काच्या हातातला कप बशीवर वाजला. अण्णाही आधी चमकले; पण क्षणभरच. त्यांचं टाक्यांचं सॉफ्टवेअर मॅकवर चालतच नव्हतं. म्हणजे लॅपटॉप तर दिला, मानही राहिला, आणि एकही मूळ फाइल त्यावर उघडायची नाही. अण्णांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या आदरानं त्यांनी तिच्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं.

धाकटीला हे कळायला अण्णांपेक्षा कमीच वेळ लागला. "चालेल ताई," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या मायेनं म्हणताय तर तोच घेऊ."

"तोच?"

"हो. रंग जिवंत दिसतात म्हणालात ना."

झालं. अण्णांचा आदर जागच्या जागी विरला. आपलं सॉफ्टवेअर चालत नाही हे हिला माहीत आहे, तरी ही हो म्हणते. म्हणजे हिला आपलं सॉफ्टवेअर नकोच आहे. दुसरं कुठलं तरी कुणी तरी देणार आहे हिला. त्या व्यापाऱ्यानं परस्पर हिलाच तर गाठलं नाही?

"मॅक-बिक काही नको," ते घाईनं म्हणाले. "उगाच खर्च."

"अहो, मीच म्हटलंय ना—"

"तू गप्प बस गं जरा."

नवऱ्यासाठी टाकलेला डाव नवऱ्यानंच उधळला, हे थोरलीनं मनात टिपून ठेवलं. वसुली तिची पद्धतशीर असे.

आता अक्का सरसावली. इतका वेळ ती कुणी विचारेल म्हणून थांबली होती. "लिनक्स टाका," ती म्हणाली. "आमच्या वाचनालयात सगळीकडे तेच आहे. जुन्या लॅपटॉपवरही धावतं. फुकट. लायसन नाही, कुणाच्या नावाची भानगड नाही. टाके पाडायचं सॉफ्टवेअरसुद्धा त्यावर फुकट मिळतं."

"फुकट?" अण्णा हसले. "फुकट देणाऱ्याचा हेतू आधी तपासावा, अक्का."

"हेतू कसला? जगभरातले लोक मिळून बनवतात. कुणा एकाचं नसतं ते."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही."

"आपल्या कारखान्यासारखं," अक्का म्हणाली.

"मी असं म्हणालो का?"

"तू कशाला म्हणशील? तू नुसता वागतोस."

अक्काच्या लिनक्सप्रेमात खोट नव्हती, पण हिशेब होता. विंडोज बिघडलं तर गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीवाला होता. लिनक्स अडलं तर या घराला एकच दार ठोठवावं लागणार होतं. कुणी तरी फोन करून 'अक्का, जरा येतेस का?' म्हणावं, एवढ्यासाठी तिनं आख्खं तंत्रज्ञान पणाला लावलं होतं.

"हेही चालेल," धाकटी म्हणाली. "वन्सं शिकवतील मला."

वन्सं शिकवतील! अण्णांच्या डोक्यात हिस्से भराभर हलले. धाकट्या भावाचा, बापूचा एक, अक्काचा एक. त्यांची बेरीज आपल्याहून मोठी. या नणंद-भावजया कधीपासून एकमेकींना शिकवायला लागल्या? त्या दुपारी गोष्ट अशी झाली होती की धाकटी ज्याला हो म्हणे त्या वस्तूला लगेच संशयाचा वास येऊ लागे.

खरं तर धाकटी मनाशी वेगळंच ठरवून आली होती. तिला पाखरं भरायची होती. लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या एका बाईनं तिला विचारलं होतं: खिशावर, कॉलरवर बसतील अशी बोटभर पाखरं करून द्याल का? ते काम आधी अण्णांकडे आलं होतं आणि अण्णांनी 'किरकोळ' म्हणून परत पाठवलं होतं. इतकी वर्षं तिनं सिंह काढले, ढाली काढल्या, मशाली काढल्या, सगळं दुसऱ्याच्या सांगण्यावरून. आणि ते अशा खुर्चीत बसून, जिच्या पाठीमागून येणारा-जाणारा पडद्यात डोकावे. एक तरी चित्र आपल्या मनचं, आपल्या खोलीत, आपल्या नावानं सुरू व्हावं. हे ती सरळ सांगणारच होती. पण अण्णांनी पहिल्या दमात 'ॲडमिन मी' म्हटलं आणि सांगायचं ते तिनं मागं ठेवलं. पाखराचं नाव काढलं असतं तर त्याच्या पिंजऱ्याचं माप आधी विचारलं गेलं असतं. मग तिनं ठरवलं, सगळ्यांना हो म्हणायचं आणि कोण कुठं घसरतं ते बघायचं.

"हे बघा," अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "मी स्पष्टच बोलतो. लॅपटॉप वर येणार, म्हणजे मूळ फाइली वर येणार. उद्या त्या कुठं जातील, कुणी सांगावं?"

इतका वेळ दाराजवळच्या स्टुलावर बसून बाहीला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे वेचणारा बापू एकदम हसला. बापू म्हणजे धाकटा भाऊ, धाकटीचा नवरा. मशीन चालवायचं आणि मशीनसारखंच वागायचं, दिलं ते निमूटपणे करायचं, हा त्याचा लौकिक. बायकोला लॅपटॉप हवाय हे त्याला सगळ्यांबरोबरच कळलं होतं, आणि ते त्याला दुपारभर बोचत होतं. पण आता त्याला बायकोची बाजू घ्यायची संधी दिसली.

"अरे अण्णा, काय बोलतोस तू? हिला फाइली न्यायच्या असत्या तर लॅपटॉप कशाला लागतो? रोज पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून ऑफिसातून माझ्या मशीनपाशी येते ती. दिवसातनं किती वेळा! मूळ फाइली त्यात भरून सरळ रस्त्यावर चालू लागली असती, तर तुला कधी पत्ता लागला असता?"

त्याला वाटलं, आता सगळे हसतील आणि चहा येईल.

कुणीच हसलं नाही. थोरलीनं धाकटीच्या गळ्याकडे पाहिलं. तिथं काळ्या दोरीत तो पेनड्राइव्ह होता, नेहमीसारखा. इतकी वर्षं तो मंगळसूत्राइतका सवयीचा झाला होता. आज पहिल्यांदा तो सगळ्यांना दिसला.

"दे बघू तो इकडे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, अरे मी म्हणालो ते—" बापू उठला.

"तू चांगलं तेच म्हणालास. माझ्या ध्यानात नव्हतं." अण्णांनी तळहात पुढं केला. "उद्यापासून पेनड्राइव्ह मी नेत जाईन मशीनपर्यंत. घरातल्या माणसावर अविश्वास नाही हं. पण शिस्त म्हणून."

धाकटीनं दोरी डोक्यावरून काढली. केसांत अडकली, तेव्हा हिसका दिला. पेनड्राइव्ह तिनं अण्णांच्या हातावर न ठेवता टेबलावर ठेवला.

"अण्णा," अक्का हळूच म्हणाली, "फाइलींची ही काळजी तुला आत्ताच का रे लागली? विकायला काढलास काय कारखाना?"

"कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही." अक्कानं कप खाली ठेवला. "तू 'नाही' म्हणायचं सोडून 'कोण म्हणालं' विचारलंस, म्हणून आत्ता कळलं."

अण्णांचा चेहरा असा झाला की थोरलीनंही त्यांच्याकडे वळून पाहिलं. म्हणजे हे तिलाही सांगितलं नव्हतं! मॅकच्या वेळी गप्प बसवलं ते टिपलेलं होतंच, त्याखाली तिनं आणखी एक रक्कम लिहिली.

"नुसती चौकशी होती," अण्णा पुटपुटले. "बोलणं झालेलं नाही काही."

"होणारही नाही," अक्का म्हणाली. "माझी सही लागते."

"मला लॅपटॉप नको," धाकटी उठत म्हणाली. "कुठलाच नको. राहू दे." आणि ती गेली.

तिची पावलं जिन्यावर विरतात न विरतात तोच थोरली कुजबुजली, "नको म्हणते? अहो, म्हणजे तिला दुसरीकडून मिळतोय."

या वेळी अण्णांनी तिला गप्प केलं नाही. त्यांनाही तेच वाटलं होतं.

बापू खोलीत गेला तेव्हा धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. आधीच घातलेल्या घड्या मोडून पुन्हा.

"मी तुझ्या बाजूनं बोलत होतो गं."

"माहीतय."

"मला आधी सांगितलं असतंस तर? लॅपटॉप कशाला हवाय, काय हवाय. सगळ्यांच्या देखत मला कळावं?"

तिनं पाखरांचं सांगितलं. खिशावरची, कॉलरवरची, बोटभर. ते ऐकताना बापूच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग हसू, मग ते हसू कोमेजलं.

"एवढंच होतं? मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

बापू खाली जाऊन अण्णांना विचारून आला असता. ते दोघांनाही माहीत होतं.

"आता करशील का पाखरं?" त्यानं विचारलं.

"खालच्या मशीनवर?" ती म्हणाली. "पेनड्राइव्ह अण्णांच्या खिशात आहे. तुमच्या कृपेनं."

ती हे रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बापूला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात धाकटी अक्काला घेऊन जुने लॅपटॉप नीट करून विकणाऱ्याकडे गेली. दुकान अरुंद होतं, भिंतीवर चार्जरच्या वायरी लोंबत होत्या. दुकानदारानं विचारलं, "कुठली सिस्टीम टाकून देऊ?"

अक्का काही बोलणार तोच धाकटीनं उलट विचारलं, "याचा मालक कोण, ते कसं ठरतं?"

"म्हणजे?"

"ॲडमिन हो. तो कोण होतो?"

"पहिल्यांदा चालू करताना ज्याचं नाव टाकाल तो. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो. नियम तोच."

धाकटीनं मान हलवली. त्या दुपारी माणसं तीन सिस्टीमवरून भांडली, आणि भांडण होतं ते पहिल्यांदा नाव कुणी टाकायचं याचं. "मग लिनक्सच टाका," ती म्हणाली. "पाखरांना तेवढं पुरे. लायसनसाठी कुणाच्या दारात जायला नको."

अक्काचा ऊर भरून आला. तिनं खुर्ची पुढं ओढली, भाषा निवडून दिली, तारीख लावून दिली. नावाची चौकट आली तेव्हा धाकटीनं स्वतः आपलं नाव टाकलं, सासरचं नाही की माहेरचं नाही, नुसतं आपलं. मग पासवर्डची चौकट आली.

"सोपा ठेव," अक्का वाकून म्हणाली, "आणि मलाही सांगून ठेव हो. अडलं-नडलं तर येऊन सोडवीन."

धाकटीची बोटं कळांवर थांबली. अक्का भली होती. अक्कानं तिच्यासाठी भावाशी वैर घेतलं होतं. पण अक्काचाही तिसरा हिस्सा होता, आणि त्या दुपारी अक्कानं फाइलींचं नाव ज्या चवीनं काढलं, ती चव धाकटी विसरली नव्हती. हे पूर्वी तिच्या मनात आलं नसतं. पण त्या दुपारी घरच्यांनी तिला जे शिकवलं, ते ती एकदाच शिकली होती.

"वन्सं," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "जरा तिकडं बघता का?"

अक्का भिंतीवरच्या वायरींकडे बघत राहिली. कळांचा आवाज थांबला तरी तिनं मान लवकर वळवली नाही.

पाखरं झाली. दोन गल्ल्या सोडून एका अनोळखी मशीनवर भरली गेली, आणि चांगली खपलीही. अण्णा ऑफिस ते मशीन येरझाऱ्या घालत पेनड्राइव्ह वाहू लागले. एकदा त्यांनी चुकीची फाइल दिली आणि इस्पितळाच्या कोटांवर हॉटेलचा मोर उमटला. व्यापाऱ्यानं फोन करणं सोडलं. थोरलीला ऑफिसात पहाऱ्याला बसावं लागलं, आणि पहारा धाकटीवर आहे की अण्णांच्या फोनवर, हे तिचं तिलाच ठाऊक. अक्काला बोलावणी येऊ लागली, मात्र प्रत्येक वेळी पासवर्डच्या चौकटीपाशी तिला भिंतीकडे तोंड करावं लागे, आणि ती करी.

लॅपटॉपचे पैसे तेवढे धाकटीनं भरले, दुकानातल्या दुकानात, आणि सुटली. बाकीची सगळी किंमत बापूच्या नावावर चढली. भावाच्या हातून फाइल घेताना तो आता खाली बघतो. बायकोच्या हातून घ्यायला काही उरलेलं नाही. तिनं त्याला कधी अडवलं नाही, लॅपटॉपचं झाकणही कधी त्याच्यासमोर मिटलं नाही. तरी संध्याकाळी काम आटोपून वर आला, की बापू स्वतःच्याच खोलीच्या दाराबाहेर थांबतो, खाकरतो, आणि आतून 'या' आल्यावर मगच पाऊल टाकतो.